एकरकमी

१२ ऑगस्ट

ही डायरी एका औषध कंपनीची आहे. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंनी टाकून दिली, मी उचलली. तीन वर्षांपूर्वीची आहे, म्हणून तारखा चालतात, वार चुकतात. वार खोडून लिहिते.

आज लिहायला कारण आहे. थकबाकी मिळाली!

ठकीचे बाबा गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. त्यांच्या जागी मला रुग्णालयाच्या शिवणखोलीत घेतलं, तेव्हाच्या कारकुनानं एका कोऱ्या कागदावर माझी सही घेतली. म्हणाला, "मजकूर मागाहून टाईप करू, तुम्ही आत्ता कुठं वाचत बसता?" मला तेव्हा काहीच वाचवत नव्हतं, हेही खरं. नंतर कळलं, मला शिलाईला नाही, मदतनीस म्हणून घेतलंय. चौदा वर्षं मशीन चालवली. ऑपरेशनच्या चादरी, रोग्यांचे अंगरखे, पडदे, लहान मुलांच्या वॉर्डातल्या उशांचे अभ्रे. पगार मात्र बादली उचलणाऱ्या बाईचा. शेवटची तीन वर्षं अर्ज करत होते. एकूण एकवीस अर्ज.

हल्लीचा कारकून निदान ऐकून तरी घेतो. त्याला आम्ही शिक्का म्हणतो, कारण कुठल्याही कागदावर एक शिक्का मारून त्याचं समाधान होत नाही. आज त्यानं विचारलं, "बाई, एकदम घेताय की दोन वर्षांत विभागून?"

"एकदम."

"तसं नव्हे, उत्पन्नाच्या दाखल्यावर मग सगळं याच वर्षात..."

"दाखल्याचं राहू द्या. रक्कम द्या. चौदा वर्षं विभागूनच घेतेय मी."

मागे आमची इस्त्रीवाली उभी होती. ती एवढ्यानं हसली की साहेबांनी दार उघडून बघितलं.

रिक्षानं घरी आले. ठकी जमिनीवर बसून, मी रुग्णालयाच्या टाकाऊ कपड्यांतून आणलेल्या अभ्र्यावर टाके घालत होती. जनावरांच्या डॉक्टरकीचं तिचं तिसरं वर्ष. मी बघितलं आणि राहवलं नाही. म्हटलं, "एवढा ओढू नकोस, कापड आवळतं."

"कापड नाही आई, कातडी आहे ही. गाईची."

"मग तर अजूनच आवळेल."

तिनं टाका उसवला आणि पुन्हा घातला. मग मी सांगितलं. ती उठून उभी राहिली, कडक सलाम ठोकला आणि म्हणाली, "मुख्य शिलाई कारागीर, हुकूम करा!" मी आरशात बघून ते पद एकदा मोठ्यानं म्हटलं. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही असेल.


२० ऑगस्ट

ताईचे उसने घेतलेले सगळे पैसे परत केले. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, नको नको म्हणाली आणि मोजून घेतले. छताची गळती बंद केली. ठकीला चांगले गमबूट आणि चिरफाडीच्या हत्यारांची पेटी. तिच्या वर्गात तिची मैत्रीण चष्मेवाली सोडली तर कुणाकडेच स्वतःची पेटी नाही.

संपले. पण ओझं उतरलं. एकरकमी घेतले ते बरं केलं. थोडे थोडे आले असते तर असेच झिरपून गेले असते.


२ सप्टेंबर

ठकीच्या शिष्यवृत्तीचं दर वर्षीप्रमाणे नूतनीकरण. दाखला मी स्वतः शिक्क्याकडून आणला. या वेळी त्यावर माझं पद बरोबर लिहिलेलं होतं. ठकीला म्हटलं, "घडी घालू नकोस, सपाट ने."

तिनं तो पुठ्ठ्यात घालून नेला.


६ नोव्हेंबर

ठकी दुपारीच घरी. मी दुसऱ्या पाळीची तयारी करत होते. ती दारातच उभी राहिली. चप्पल काढायची तिला आठवण राहिली नाही.

"शिष्यवृत्ती बंद झाली."

"कुणाची?"

थोडं थांबली. "सगळ्यांचीच. योजनाच बंद केली त्यांनी."

"मध्येच? अर्ध्या वर्षात?"

"त्यांना काय, वर्ष सुरू आहे की संपलंय."

पुढच्या सहामाहीचं शुल्क महिनाअखेर भरायचंय. माझ्या नऊ महिन्यांच्या नव्या पगाराएवढं आहे ते. तिचं फक्त शुल्कच नव्हतं, बसचा पास, पुस्तकं, प्रात्यक्षिकाची फी, सगळं त्या शिष्यवृत्तीवर चालायचं.

मी तिच्यापुढे रडले नाही. पाळीला गेले, बारा चादरींच्या कडा दुमडल्या. एक उलटी दुमडली, उसवली.


८ नोव्हेंबर

बँकेत गेले. समोरची मुलगी ठकीपेक्षा फार मोठी नसावी. गोड बोलली. जामीन हवा, आणि जामीनदाराच्या नावावर घर हवं. माझ्या ओळखीत घर नावावर असलेली एकच, ताई.

ताईनं चहा दिला, बशी पुसली, पुन्हा पुसली. मग म्हणाली, "तुझ्या भाऊजींना विचारावं लागेल." आतून भाऊजींचा खोकला ऐकू आला. म्हणजे ऐकत होते. विचारायची गरज नव्हतीच.

परत निघताना ताई जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "पोरीचं लग्न बघायचं वय झालंय गं, कशाला गाई-म्हशींच्या मागं धाडतेस?" दोन जिने उतरल्यावर उत्तर सुचलं, पण पुन्हा कोण चढणार.


११ नोव्हेंबर

चष्मेवाली आली होती, ठकीच्या वह्या घ्यायला. ठकी अंघोळीला गेली होती. मी विचारलं, "तू आता काय करणार गं, शिष्यवृत्तीचं?"

"माझी आली की काकू, मागच्या आठवड्यात."

एवढ्यात ठकी केस पुसत बाहेर आली आणि तिला हाताला धरून जिन्याकडे घेऊन गेली. बराच वेळ खाली कुजबुज चालली होती.

योजना बंद, मग हिची कशी आली? तिचे वडील मोठ्या ओळखीचे असतील. आमचं कोण आहे? ठकीला विचारलं तर म्हणाली, "तिचं वेगळ्या खात्यातून असतं." असेल.


१३ नोव्हेंबर

आज एक गोड गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत ठकी अचानक रुग्णालयात दिसली, कार्यालयाच्या बाजूच्या पॅसेजमध्ये. मला बघून दचकली.

"काय गं?"

"तुझा डबा राहिला होता ना, द्यायला आले."

डबा तर माझ्या हातात होता. पोळी-भाजी अर्धी संपलीही होती. मी हसले, तीही हसली. म्हणाली, "मग काय, तुला बघायला आले असं समज." तिचा चेहरा उतरला होता. एवढ्या काळजीतही तिला मला बघावंसं वाटलं. मी तिला शिवणखोलीत नेलं, इस्त्रीवालीनं तिच्यासाठी चहा मागवला. म्हणाली, "ये गं डॉक्टरीण, माझ्या गुडघ्याला बघ जरा, म्हशीसारखाच झालाय."

ठकीनं खाली बसून खरंच तिचा गुडघा दाबून बघितला. किती हळू दाबला.


१५ नोव्हेंबर

आज भांडण झालं. दोन वर्षांत झालं नव्हतं.

मी पालेभाजी निवडत होते. ठकीनं एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढं ठेवलं.

"खाली सही कर ना."

"कशावर?"

"कॉलेजला हमीपत्र द्यायचंय. मुदत वाढवून मागायची. मजकूर तिथंच छापून टाकतात."

"मग मजकूर छापून आण. मी सही करते."

"आई, एकदा कर ना. उद्या शेवटची वेळ आहे त्या बाईंना भेटायची."

"कोऱ्या कागदावर नाही."

"मी आहे ना! परका माणूस थोडाच आहे?"

"तो कारकून पण परका नव्हता. ताई म्हणायचा मला."

ती एकदम ओरडली, "तुला त्या एका कागदापलीकडे काही दिसतच नाही!"

मीही बोलले. नको ते बोलले. म्हटलं, एका सहीनं माझी चौदा वर्षं गेली, तू तेवढीच शिकलीस का? मजकूर दाखव, मी शंभर सह्या करते. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, मला स्पष्ट दिसलं. मग तिनं कागद उचलला, घडी घातली, घडीची घडी घातली आणि म्हणाली, "राहू दे. बघते मी."

मी बरोबर होते. तरीही भाजी निवडताना देठं भांड्यात आणि पानं कचऱ्यात टाकत होते, हे नंतर लक्षात आलं.


१६ नोव्हेंबर

सकाळी म्हटलं, "आणलास का मजकूर?"

"नको आता. दुसरी वाट काढलीय."

"कुठली?"

"बघू."

मला बरं वाटलं. वाट निघाली म्हणजे सहीचं एवढं काही नव्हतंच. माझं तत्त्व राहिलं आणि तिचं कामही झालं.


१ डिसेंबर

तीस तारीख गेली. शुल्क भरलं नाही. ठकीनं ग्रंथालयाची पुस्तकं परत केली. एकावर माझ्याकडून तेलाचा डाग पडला होता, त्याचा दंड भरला. हत्यारांची पेटी चष्मेवालीला विकते म्हणाली. "तिच्याकडे आहे की," मी म्हटलं. "तिच्या ओळखीच्या, खालच्या वर्गातल्या मुलीला," ती म्हणाली.

मी विचारलं, "ती दुसरी वाट?"

"ती बंद निघाली."

मग आम्ही जेवलो. ती खाली मान घालून जेवते हल्ली. मला वाटतं, तिला माझ्यावर राग आहे, पण कशाचा ते सापडत नाही. मी गरीब आहे याचाच असेल. तो राग करायचा तिला हक्क आहे.


१२ डिसेंबर

ठकीला काम मिळालं. बसनं सात तासांवर एक मोठा गोठा आहे, दीडशे गाई. धारांची यंत्रं धुवायची, दुधाच्या नोंदी ठेवायच्या, राहायला खोली. एक तारखेला हजर व्हायचं.

"जनावरांतच आहे ना," ती म्हणाली, "बरंय की."

मी जादा पाळ्या मागितल्यात. वर्षभर केल्या तर पुढच्या वर्षी तिला परत पाठवता येईल, पुन्हा अर्ज करता येईल. हे तिला सांगितलं तर केवढ्यानं दचकली! "जादा पाळ्या नको आई, अजिबात नको." मला वाटलं होतं, आनंद होईल. तिची उमेदच गेलीय की काय.


१८ डिसेंबर

जादा पाळीच्या अर्जासाठी शिक्क्याकडे गेले होते. त्यानं अर्ज वाचला, शिक्का उचलला, खाली ठेवला.

"मुलीचं झालं का काम?"

"कसलं?"

"ती आली होती ना मागच्या महिन्यात. थकबाकी कुठल्या कुठल्या वर्षाची आहे, त्याची वर्षवार विभागणी मागायला. मी म्हटलं, लगेच देतो, दहा मिनिटांचं काम आहे, फक्त तुझ्या आईचा सहीचा अर्ज आण. परत आलीच नाही."

"कशाला हवी होती तिला?"

त्यानं समोरचा अर्ज बाजूला सारला. मग खुर्ची पुढे ओढली, मला बसायला सांगितलं आणि हळू आवाजात बोलला. इतका हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "बाई, थकबाकी एकदम घेतलीत, म्हणून दाखल्यावर तुमचं या वर्षीचं उत्पन्न शिष्यवृत्तीच्या मर्यादेच्या वर गेलं. तेवढ्यानं बंद झाली तिची. ती रक्कम मागच्या वर्षांची आहे असं आमचं पत्र जोडलं असतं, तर अपिलात चालू झाली असती. बऱ्याच लोकांची होते."

मी विचारलं, "अपील कधीपर्यंत?"

"तीस नोव्हेंबर."

मला आठवत नाही मी शिवणखोलीत परत कशी आले. इस्त्रीवाली म्हणते, मी मशीनवर बसले आणि नुसतं पायडल मारत राहिले, सुईखाली कापड नव्हतं.


१९ डिसेंबर

काल घरी आल्यावर लगेच बोलले नाही. हात-पाय धुतले, कुकर लावला. ठकी कपड्यांच्या घड्या घालत होती, न्यायचे एका बाजूला, ठेवायचे दुसऱ्या.

मी म्हटलं, "शिक्क्यानं सांगितलं."

तिचा हात थांबला. एवढंच.

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तीन वर्षं भांडलीस तू त्यासाठी. रिक्षानं आली होतीस त्या दिवशी. रिक्षानं! आयुष्यात कधी बसली नाहीस. आणि मी येऊन सांगू, त्याच्यामुळेच माझं गेलं?"

"सांगायचं! मी काय मेले असते?"

"मेली नसतीस. पण पुन्हा कधी हसली नसतीस त्याच्यावर."

"आणि तो कोरा कागद?"

"त्यावर तुझ्या नावानं अर्ज लिहिणार होते. तू वाचल्याशिवाय सही करत नाहीस, आणि वाचलं असतंस तर कळलंच असतं."

"माझी सही तूच का नाही केलीस मग? इतकी अक्कल..." हे मी बोलले. चौदा वर्षं सहीसाठी कपाळाला हात लावून बसलेली मी.

ती हसली. खोटं नाही लिहीत, हसली. "केली होती. दोन पानं सराव केला. छान जमली होती. पण शिक्का तुझी सही ओळखतो आई. एकवीस अर्ज वाचलेत त्यानं तुझे. धीर नाही झाला."

कुकरची शिट्टी झाली. कुणी उठलं नाही. दुसरी झाली, तिसरी झाली.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी सही केली असती तर?"

तिनं एक ओढणी उचलली, झटकली, पुन्हा तीच घडी घातली. "झालं असतं बहुतेक," ती म्हणाली. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. एवढे दिवस बोललीच होती की.


२२ डिसेंबर

शिक्क्यानं पत्र त्याच दिवशी करून दिलं होतं, न मागता. चौदा वर्षं, चौदा ओळी, खाली तीन शिक्के. रजा टाकली आणि शिष्यवृत्तीच्या कार्यालयात गेले. ठकी येत नाही म्हणाली, मीही आग्रह केला नाही.

खिडकीतल्या बाईंनी पत्र पूर्ण वाचलं. "कागद अगदी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "असाच लागतो. पण तीसच्या आत यायला हवा होता."

मी म्हटलं, चूक माझी आहे, मुलीची नाही, तसं लिहून देते. त्या म्हणाल्या, "चूक कुणाची याचा रकाना नाही हो इथं."

"पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज केला तर?"

"एकदा खंड पडला की त्याच अभ्यासक्रमाला पुन्हा देत नाहीत." मग काचेपलीकडून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाणी हवंय का?"

मी पाणी प्यायले. मागे रांग होती. सगळ्यांच्या हातात कागद होते आणि सगळे माझं पिणं संपायची वाट बघत होते.


३१ डिसेंबर

ठकीला बसवून आले. गमबूट तिनं पायातच घातले, पिशवीत जागा नव्हती. लोक बघत होते, कोरड्या ठणठणीत दिवशी गमबूट. तिनं खिडकीतून सांगितलं, "जादा पाळ्या करू नकोस." मी मान हलवली. करणार आहे. न करून घरी काय करू?


१३ जानेवारी

ठकी रविवारी फोन करते. आज मधल्याच दिवशी, दुपारी दीड वाजता आला. मी मशीन बंद करून दारापाशी गेले.

"जेवलीस?" तिनं विचारलं.

"जेवले. काय झालं?"

"काही नाही."

मी थांबले. ती लहान होती तेव्हापासून, काही नाही म्हटल्यावर थांबलं की बोलते.

मग बोलली. एक गाय पहाटेपासून अडली होती. पहिलटकरीण. वासराचा एक पाय पुढं आलेला, दुसरा आत दुमडलेला. गडी आलेल्या पायाला दोर बांधून ओढत होते. ठकी म्हणाली, ओढू नका, ओढून अजून अडकेल. आधी वासराला आत ढकलायचं, मग दुमडलेला पाय शोधायचा, खूर मुठीत झाकून घ्यायचा, म्हणजे आतून फाटत नाही, आणि मग पुढं काढायचा. तिनं हे दोनदा केलंय, कॉलेजच्या शिबिरात, सर शेजारी उभे असताना. सर म्हणायचे, तुझा हात बारीक आहे, या कामाला सोन्यासारखा.

"मी बाह्या वर केल्या होत्या, आई. साबण लावला होता कोपरापर्यंत."

गोठ्याचे मालक तिथंच उभे होते. डॉक्टरांना फोन केला होता, ते यायला दोन तास लागणार होते. मालक वाईट माणूस नाही, ठकी म्हणाली. गाय महागाची होती, घाबरले होते. त्यांनी तिला विचारलं, "तू डॉक्टर आहेस का?"

फोनवर मागं यंत्रांचा आवाज येत होता, कुणीतरी बादल्या एकात एक ठेवत होतं.

"मग?" मी विचारलं.

"मी नाही म्हटलं. बाजूला झाले. हात धुऊन टाकले." थोड्या वेळानं म्हणाली, "डॉक्टर अकराला आले. वासरू गेलेलं होतं. गाय अजून उठली नाही."

भिंतीला टेकून उभी राहिले. शिवणखोलीतून इस्त्रीवाली खुणेनं विचारत होती, काय झालं, काय झालं.

"आई, ऐकतेयस ना?"

"हो."

"दुसरं काय सांगणार होते मी त्यांना? तेच उत्तर बरोबर होतं ना?"

मी काही बोलेपर्यंत ती फोन ठेवणार नाही, हे मला कळलं.

मी म्हटलं, "हो बाळा. तेच बरोबर होतं."